चार लिप्यांचे शहर आणि सात बिटांचे टपाल

१९७१ च्या अखेरीस अमेरिकेतील केंब्रिज येथे, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावर बसून दुसऱ्या संगणकावरील माणसास निरोप धाडण्याची सोय केली. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, भारतीय टपाल खात्याने पिनकोड अमलात आणला. या दोन घटनांचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते. 'हे पत्र नेमके कोणाच्या दारी न्यायचे?' या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत, आणि त्या उत्तरांमधील फरक सोलापूरसारख्या शहराच्या लेखनव्यवहारात फार स्पष्ट दिसतो.

पिनकोडाचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी. पण आपल्या वर्तुळात त्यांची ओळख असावी ती संस्कृतात काव्ये-नाटके लिहिणारे लेखक म्हणून. एका नावाची अनेक गावे, पत्त्यांतील चुका आणि नाना भाषांत, नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते, या अडचणींवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, उरलेले तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. ४१३००१ हे सहा अंक पाकिटावर असले की पत्र सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयात येणार, मग वरचे नाव कोणत्याही लिपीत असो. एका भाषापंडिताने काढलेला हा मार्ग भाषेला वळसा घालून जातो, याची आम्हांस नेहमी गंमत वाटत आली आहे. त्या वळशाने भाषेचे काही बिघडले नाही. उलट पाकिटाच्या आत तिला पूर्ण मोकळीक राहिली.

ही मोकळीक सोलापुरात चैनीची बाब नव्हती. बाराव्या शतकात कन्नड वचने रचणाऱ्या सिद्धरामेश्वरांचे हे गाव, आणि शाहीर रामजोशी यांचेही. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे पोचली, १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांचा आवाज शहराच्या पूर्व भागात घुमू लागला. उर्दू बोलणारी वस्तीही मोठी. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या आहेत, आणि बाजारपेठेतून फिरताना पाट्यांवर या लिप्या वाचता येतात. अशा शहरातील टपालपेटीत एकाच दिवशी चार लिप्यांतील पोस्टकार्डे पडत: कोणाचे करीमनगरकडच्या खेड्यात, कोणाचे विजापुरास, कोणाचे गुलबर्ग्यास, कोणाचे पंढरपुरास. टपाल खाते तिकीट पाहत असे आणि पत्ता पाहत असे. आतील मजकूर डावीकडून उजवीकडे धावतो की उजवीकडून डावीकडे, याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते.

आता टॉमलिन्सनचे उत्तर पाहू. त्याच्याजवळ दोन कार्यक्रम होते. एकाने त्याच संगणकाच्या दुसऱ्या वापरकर्त्यासाठी निरोप ठेवता येई. दुसऱ्याने एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर नेता येई. त्याने या दोहोंची सांगड घातली. पण माणसाचे नाव कोठे संपते आणि यंत्राचे नाव कोठे सुरू होते, हे दाखवायला एक खूण हवी होती, आणि ती कोणाच्याही नावात न येणारी हवी होती. टंकलेखन यंत्रावर '@' ही जी किल्ली होती ती त्याने उचलली. इंग्रजी हिशेबलेखनात तिचा अर्थ 'अमुक दराने'. आपल्याकडील पेढ्यांच्या इंग्रजी बिलांतही ती होतीच: इतके डझन टॉवेल, अमुक दराने. म्हणून आपण आजही ई-मेलचा पत्ता सांगताना 'ॲट द रेट' म्हणतो. जगात अन्यत्र या चिन्हाला गोगलगाय, माकडाची शेपटी असली प्राणिवाचक नावे मिळाली. आपण मात्र त्याचा बाजारातला अर्थ सोडला नाही. मराठी माणूस भावनाप्रधान आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पत्ता ठरला, आता वाहतूक. १९८२ साली जॉन पोस्टेल याने निरोपांची ने-आण कशी करावी याचे नियम लिहून काढले आणि मूळचे तेच नियम, पुष्कळ डागडुजीनंतर, अजून चालू आहेत. त्यांचे स्वरूप पाहिले की मराठेशाहीतील पत्रव्यवहाराच्या अभ्यासकास परक्या घरी आल्यासारखे वाटू नये. पाठवणारे यंत्र दुसऱ्या यंत्राच्या दारी जाऊन आधी नमस्कार घालते. त्यासाठीचा शब्द 'हेलो' हाच, फक्त एक 'एल' गाळलेला, कारण आज्ञा चार अक्षरांचीच असायची असा दंडक. मग ते सांगते: पत्र कोणाकडून, पत्र कोणास. समोरून प्रत्येक वेळी आकड्यात जबाब येतो. २५० म्हणजे मान्य, ५५० म्हणजे असा कोणी येथे राहत नाही. मान्यता मिळाल्यावर मजकूर वाचून दाखवला जातो आणि अखेरीस एका ओळीत नुसता एक पूर्णविराम दिला जातो. तो पूर्णविराम म्हणजे लेखनसीमा. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत, ते अशासाठी की त्याखाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. हे काम संगणकाच्या टपालात एका टिंबावर सोपवलेले आहे.

मात्र या टिंबाला मोर्तबाचा अधिकार नव्हता. लखोट्यावरचे नाव वेगळे आणि आतील मायना वेगळा, अशी दोन अंगे ई-मेललाही आहेत. दारावर जे 'कोणाकडून' सांगितले जाते ते लखोट्यावरचे. आपल्याला पडद्यावर जे दिसते ते आतील मायन्यातले. ही दोन नावे जुळलीच पाहिजेत, अशी अट १९८२ च्या नियमांत नाही. ते नियम एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या संशोधकांसाठी लिहिलेले होते. कलेक्टरच्या नावाने कोणी भलताच पत्र लिहील, ही शंका त्यांना शिवली नसावी. पत्राच्या मजकुरावर आणि मायन्यावर पाठवणाऱ्या संस्थेची गणिती मुद्रा उमटवण्याची पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली ती २००७ साली. म्हणजे पंचवीस वर्षे हे टपाल बहुतांशी मोर्तबाविना चालले. बँकेच्या नावाने येणाऱ्या ज्या खोट्या पत्रांनी आज लोक गांजले आहेत, त्यांचे मूळ या विश्वासू स्वभावात आहे.

वाटेतील मुक्कामांविषयी फार सांगावयास नको. डाकचौकीवर जसा एका हरकाऱ्याने थैली दुसऱ्याच्या हाती द्यावी, तसे पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक चौकी आपला शिक्का व वेळ पत्राच्या माथ्यावर नोंदवते. पलीकडचे दार बंद असेल तर पत्र थांबते, पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो, आणि चार-पाच दिवसांनंतर ते हताशपणे परत येते. मुंबई-मद्रास मार्गावरील ज्या गाड्या सोलापूरवरून जात त्यांना 'मेल' म्हणत, कारण त्या टपाल नेत. प्रवासी बसलेले असत ते जणू टपालाच्या आश्रयाने! त्या गाडीचे नाव पुढे तारांतून जाणाऱ्या पत्राला चिकटले, असे आपल्याकडील पुष्कळांना वाटत असेल तर नवल नाही.

खरा पेच यापुढे आहे. १९८२ च्या नियमांप्रमाणे पत्रातील प्रत्येक चिन्ह सात बिटांत मावले पाहिजे. सात बिटांच्या घरांची संख्या १२८. त्यांतील ३३ यंत्राच्या खुणांसाठी राखीव. उरली ९५, त्यांत मोकळी जागा धरलेली. रोमन लिपीची लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसवली की घर भरले. देवनागरीस जागा नाही, कन्नडास नाही, तेलुगूस नाही, उर्दूस नाही. फार काय, फ्रेंच आणि जर्मन भाषांतील शिरोबिंदूंनाही नाही. वेलणकरांच्या टपालाने पत्ता आकड्यांत मागितला आणि मजकूर मोकळा सोडला. या टपालाने पत्ताही रोमन मागितला आणि मजकूरही. चार लिप्यांच्या शहराला आपले पत्र पेटीत टाकण्यापूर्वी कपडे बदलून यावे लागले.

१९८६-८७ च्या सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली होती. एनआयसीचे उपग्रहावर चालणारे सरकारी जाळेही त्याच दशकाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्यांपर्यंत विणले जात होते. पण सामान्य माणसास हे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा. पुढील वर्षी ४ जुलैस सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढले. स्वतःचा संगणक नसलेल्याला कोणत्याही संगणकावरून आपली पेटी उघडता येऊ लागली आणि मग जिल्ह्याच्या गावांतून सायबर कॅफे निघाले. तासाच्या हिशेबाने पैसे, प्लायवुडची खोपटी, आणि शेजारी बसलेल्या मालकाच्या पोराकडून 'पासवर्ड'चे स्पेलिंग विचारणारे निवृत्त गृहस्थ, हे दृश्य त्या काळी मराठी मुलुखातील कोणत्याही शहराचे आहे. मुलगा परदेशी गेलेला. वडील मराठीत विचार करून रोमनमध्ये अक्षरे शोधताहेत.

या रोमनीकरणाने मराठीचे काय केले, याचा विचार भाषेच्या विद्यार्थ्यांनी पुरेसा केलेला नाही. 'के, ए, एल, ए' ही चार रोमन अक्षरे घ्या. त्यांतून 'कला' वाचता येते, 'कळा', 'काला' आणि 'काळा' हेही. ल-ळ, न-ण, त-ट, द-ड, ऱ्हस्व-दीर्घ हे सारे भेद एका फटक्यात नाहीसे. वाचणाऱ्याने संदर्भाने जुळवून घ्यायचे. घरच्या माणसाने घरच्या माणसास लिहिताना ते जुळतेही. परंतु ज्याला 'लेखन' म्हणावे, ज्यात शब्दाची निवड अमुकच आणि तमुक नव्हे अशी असते, ते या भांड्यात शिजत नाही. परिणामी ज्याला इंग्रजी येत होते तो इंग्रजीकडे वळला आणि ज्याला येत नव्हते त्याने पत्र तोकडे केले. 'कसे आहात, आम्ही ठीक, फोन करतो.'

दुसरा मार्ग फॉन्टचा. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, शुषा आणि सी-डॅकचे फॉन्ट यांनी रोमन अक्षरांच्या व आठव्या बिटाने मिळालेल्या जादा घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: कोठे काना, कोठे अर्धा 'र', कोठे वेलांटी. छपाईसाठी ही युक्ती उत्तम होती आणि मराठी प्रकाशनव्यवहार तिच्यावर वाढला. पण पत्र पाठवायचे तर समोरच्याकडे नेमका तोच फॉन्ट हवा. नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटे. कित्येकांनी शेवटी मराठी पत्र हाताने कागदावर लिहून त्याचे चित्र जोडून पाठवण्याचा उपाय केला. एक प्रकारे तेच सर्वांत प्रामाणिक मराठी ई-मेल होते!

येथे सारा दोष अमेरिकेतील सात बिटांवर ढकलणे आम्हांस मान्य नाही. १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली. मार्च १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन याने आपल्या सहकाऱ्यांच्या चौकडीचे एक छायाचित्र आणि त्यांचे गाणे ई-मेलला जोडून पाठवले, आणि त्याच वर्षी त्याने व नेड फ्रीड याने कोणताही मजकूर सात बिटांच्या वेषात कसा पाठवावा, याचे नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी युनिकोडची यूटीएफ-८ ही मांडणी केली. म्हणजे कागदावर सर्व सिद्धता १९९२ मध्येच झाली होती. आपल्याकडे तर त्याही आधी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण होते, आणि ते मोठ्या समजुतीने केलेले होते. देवनागरीचा 'क', कन्नडचा 'क' आणि तेलुगूचा 'क' यांना त्यात एकच सांकेतिक क्रमांक दिलेला होता; लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसावा. युनिकोडने या लिप्यांची घरे वेगळी केली, पण खोल्यांचा क्रम तोच ठेवला. इनस्क्रिप्ट कळफलकावर आजही तिन्ही लिप्यांचा 'क' एकाच किल्लीवर आहे. सोलापूरच्या चारपैकी तीन लिप्या बहिणी आहेत, हे जाणणारे प्रमाण आपल्या हाती होते. (उर्दू या व्यवस्थेबाहेर राहिली, तिची जातकुळी निराळी.) पण फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाने आपापली सांकेतिक घरे वेगळी ठेवली आणि घेणाऱ्यांनी, म्हणजे प्रकाशक, वृत्तपत्रे, सरकारी कार्यालये यांनी, एका प्रमाणाचा आग्रह धरला नाही. सात बिटांचे कुंपण परक्याने घातले हे खरे. त्याला दार असताना दहा वर्षे ते न उघडणे हे आपले कर्तृत्व.

विंडोज २०००, पाठोपाठ २००१ साली एक्सपी, त्यांच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट, आणि १ एप्रिल २००४ रोजी आलेले, पेटीत एक गिगाबाइट जागा देणारे जीमेल, यांमुळे देवनागरी पत्र धड जाऊ व पोचू लागले. आजही त्याचा आतील प्रवास पाहण्याजोगा आहे. 'सोलापूर' हे चार अक्षरी नाव. संगणक काने-मात्रे वेगळे मोजतो म्हणून त्याच्या हिशेबी सात चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये दर चिन्हास तीन बाइट, एकूण एकवीस. सात बिटांच्या वाटेवरून सुरक्षित नेण्यासाठी दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात, म्हणजे अठ्ठावीस. या वेषातील देवनागरी शब्द एकटा पाहिला, तर त्याच्या प्रत्येक चिन्हाचा आरंभ 'चार-के-एस' किंवा 'चार-के-डब्ल्यू' असा होतो. तेलुगू आणि कन्नड यांनाही तीन-तीन बाइट लागतात, उर्दूला दोन पुरतात. आता आठ बिटांची वाट बहुतेक ठिकाणी खुली आहे, पण हा वेष पुरता सुटलेला नाही. पत्त्याचे सोवळे त्याहूनही उशिरा सुटले. रोमनेतर लिपीत पत्ता लिहिण्याचे नियम २०१२ साली आले आणि २०१४ च्या ऑगस्टात देवनागरी 'डॉट भारत' सुरू झाले; तेलुगू आणि उर्दू त्याच सुमाराच्या यादीत, कन्नडची पाळी मागाहून. मराठीत पत्ता असणे आज शक्य आहे. तो कोणी मागत नाही. अर्जांवर 'ई-मेल' या शब्दापुढील चौकटी मोठ्या रोमन अक्षरांसाठीच आखलेल्या असतात.

या सर्व काळात सोलापुरात ई-मेल निरुपयोगी पडून होते, असे मुळीच नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या येथील चादरी व टेरी टॉवेल यांचा व्यापार घ्या. ज्या निर्यातदाराला पूर्वी टेलेक्स आणि मग फॅक्स लागे, त्याला नमुन्याचा फोटो, वजन, रंगांचे क्रमांक, बँकेचे पतपत्र, जहाजाची कागदपत्रे हे सारे एका पेटीतून करता येऊ लागले. व्यापारी इंग्रजी ही तशीही ठरावीक शब्दांची भाषा. तिला सात बिट पुरून उरतात. महाविद्यालये आणि २००४ साली स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ यांच्या परिपत्रकांनी ई-मेलचा रस्ता धरला. नोकरीचे अर्ज, शोधनिबंध, परीक्षांचे तपशील त्यावरून जाऊ लागले. आणि अलीकडे तर पेटीत येणाऱ्या पत्रांपैकी पुष्कळशी माणसाने लिहिलेलीच नसतात: रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, बँकेचा उतारा, विसरलेल्या पासवर्डची दुरुस्ती. ई-मेल हा आता पत्राचा प्रकार कमी आणि शिधापत्रिकेचा प्रकार अधिक झाला आहे. त्याच्यावाचून अर्ज भरता येत नाही, म्हणून तो असतो.

यावरून आमचे मत असे बनले आहे की मराठीत ई-मेलचा पत्रकाळ आलाच नाही. इंग्रजीत कागदी पत्राकडून ई-मेलकडे जाताना पत्रलेखनाची सवय निदान काही वर्षे तगली. माणसे लांबलचक ई-मेल लिहीत. मराठीत पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र संपले ते एसटीडी बूथच्या काळात, आणि त्यानंतर घरगुती मजकूर अक्षरांत परतला तो थेट मोबाइलच्या पडद्यावर, व्हॉट्सॲपच्या काळात. मधली जागा इंग्रजीने भरली. आंतरजालावरील मराठी मंडळींनी ई-मेलसाठी 'विरोप' असा शब्द घडवला होता. तो रुळला नाही, पण घडवणाऱ्यास मर्म कळले होते, असे म्हणावे लागेल. त्यात 'पत्र' नाही, 'निरोप' आहे.

रोमनीकरणाच्या खात्यावर मात्र एक जमेची बाब मांडली पाहिजे. सोलापुरात अशी मुले थोडी नाहीत, ज्यांची घरची बोली तेलुगू किंवा कन्नड, पण शाळा मराठी. त्यांना आईची भाषा बोलता येते, तिची लिपी येत नाही. कागदी पत्राच्या जमान्यात अशा मुलाला आजोळी आपल्या बोलीत पत्र लिहिणे शक्य नव्हते. दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे. रोमन अक्षरांनी त्याला प्रथमच स्वतःच्या हाताने तेलुगू लिहू दिले, वाकडेतिकडे का होईना, आणि त्याच ओळीत मराठी व दख्खनी मिसळू दिली. चार लिप्यांच्या भिंती चौथ्याच्याही पलीकडच्या पाचव्या लिपीने ओलांडल्या. हे नुकसान की नफा, याचा निवाडा आम्ही एका वाक्यात करू शकत नाही. बोलीला लाभ झाला, लेखनाला तोटा झाला, असे तूर्तास म्हणू.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने गंभीर प्रश्न साधनांचा आहे. मराठ्यांच्या इतिहासाची आपली सारी इमारत पत्रांवर उभी आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तर उलगडले, ते माळ्यांवर आणि पेट्यांत दप्तरे शिल्लक होती म्हणून. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर धारवाडसारख्या कन्नड गावात राहून जी. ए. कुलकर्णी यांनी लिहिलेली मराठी पत्रे खंडशः ग्रंथरूपाने आली आणि त्यांच्या कथांकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यांनी पालटली. ती पत्रे टिकली, कारण ज्यांना ती आली त्यांच्या कपाटात कागद होता. १९९६ ते २००४ या काळातील कोणा सोलापूरकर लेखकाने, प्राध्यापकाने, चळवळीतील कार्यकर्त्याने लिहिलेले ई-मेल आज कोठे असतील? हॉटमेलच्या पेटीत तेव्हा दोन मेगाबाइट जागा होती. पेटी भरली की जुनी पत्रे पुसून नव्यांना वाट द्यावी लागे. पेटी फार दिवस उघडली नाही तर सेवा देणारी कंपनी ती रिकामी करी. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण लागू केले आहे. माणूस गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, की दोन वर्षांनी त्याचे दप्तरही जाऊ शकते. माळ्यावरच्या वाळवीला दोन पिढ्या लागत.

जे टिकले असेल तेही वाचता येईलच असे नाही, आणि येथे मोडी लिपीची आठवण होते. शतकानुशतके मराठीचा पत्रव्यवहार मोडीत चालला. छापखान्याने बालबोध लिपी उचलली, शाळांतून मोडी गेली, आणि दोनच पिढ्यांत मराठी माणूस आजोबांच्या पत्रापुढे निरक्षर झाला. भाषा तीच, हात घरचाच, पण वाचायला जाणकार बोलवावा लागतो. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तिच्या एका अक्षरास यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. आता मोडीत ई-मेल धाडता येईल, वाचणारा मिळाला तर. फॉन्टांत लिहिलेल्या नव्वदीच्या मराठी पत्रांची गत याहून बिकट आहे, कारण मोडीचे वळण अक्षरात तरी दिसते. या पत्रांत दिसतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक रांग. तिचे युनिकोडात रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र मजकूर श्रीलिपीचा की आकृतीचा, शिवाजीचा की शुषाचा, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ती नोंद साध्या मजकुराच्या ई-मेलमध्ये कोठेही नसते.